बोली

दवाखान्याच्या भिंतीवर पेंटरनं लिहिलं :
'इस्पीच थैरेपी – मंगल, शुक्र'.
मी म्हटलं, भाऊ, तो 'इ' काढा.
त्यानं ब्रश डब्यात बुडवला, एकदा वाचून पाहिलं,
'इ'शिवाय ते त्याला वाचताच येईना.
राहू दिला.
सव्वीस वर्षं आहे तो तिथं,
आणि मी गावाची बोलीवाळी बेन.

गंगवाल स्टँडवरून सात-दहाची बस.
बेटम्यानंतर खिडकी लागत नाही, धूळ शेजारी येऊन बसते.
आई म्हणाली होती, बँकेची परीक्षा दे.
मामा म्हणाले, लोकांना बोलतं करायचे पैसे?
आपल्या घरात गप्प बसवायचे द्यावे लागतील.

मी रामबागेत वाढले. घरात शाळा, रस्त्यावर स्कूल,
माझ्या जिभेनं मधली गल्ली काढलेली : शाला.
बाबा ताटावरचा हात थांबवत.
जीभ वर. अजून मागे. आता सोड.
केळं मिळायच्या आधी
केळं म्हणावं लागे.

भेरूलाल मंडीत लसणाची बोली लावायचे.
आवाज असा, की ट्रॅक्टरवाले इंजिन बंद करून ऐकत.
पौषात उजवी बाजू गेली, शब्द गेले,
आकडे तेवढे राहिले.
मेंदूत आकड्यांची खोली वेगळी असते,
परीक्षेत लिहिलं होतं मी हे, दहा गुणांना.

खाटेवरून ते म्हणत : ग्यारा सौ.
सज्जनबाई पाण्याचा लोटा आणत.
साढ़े बारा, म्हणजे कूस बदलायची.
दो हजार, दो हजार, दो हजार,
म्हणजे धाकट्याचा फोन आला नाही.
तुम्हाला कसं कळतं हे?
'भाव तो जाणनो पड़े, बेन.'

मी कार्डं मांडली. सरकारी, चकचकीत.
नळाचं चित्र, खाली छापलेलं : पानी.
ओठ मिटा. पा. जीभ दातांशी. नी.
अकरा मंगळवार.
ते माझ्या ओठांकडे बघत,
वजनात कमी भरलेल्या पोत्याकडे बघावं तसे.

बाराव्या मंगळवारी बस पंक्चर. वैशाख.
दोन किलोमीटर चालून उंबऱ्यावर टेकले
आणि सज्जनबाईंना हात करून म्हणाले,
विसरून, घरी म्हणते तसं : पाणी.

खाटेवरून आलं :
पाणी.

ण होता त्यात.
टाळूला लागून सुटलेला, अख्खा.

इथं पानी कुणी पीत नाही.
काळो, पीपळ, पाणी, बसमध्ये रोज ऐकते मी,
सव्वीस वर्षं कंडक्टरशी त्याच सुरात भांडते,
आणि पोरांच्या फायलीत लिहीत आले :
'ल च्या जागी ळ. उच्चारदोष.'
किती फायली, ते कपाट उघडून पाहिलेलं नाही.

आता भेरूलाल पाणी म्हणतात.
चहाला पाणी, उशीला पाणी,
धाकट्याच्या फोटोला पाणी.
सज्जनबाईंना पाणी.
आकडे एकदम उठून गेले,
लिलाव संपल्यावर माणसं जातात तसे.
लोटा, कप, रजाई, सगळं खाटेशी आणून
सज्जनबाई कमरेवर हात ठेवतात :
'पेलां समझ में तो आतो थो.'

रजिस्टरमध्ये मी लिहिलं, प्रगती.
पेन उचललं. पुन्हा टेकवलं.
शाईचा एक ठिपका झाला फक्त.

परतीची बस साडेचारला.
भेरूलालनी डावा हात उचलला, म्हणाले : पाणी.
मी म्हटलं, हो, येते शुक्रवारी.

निघताना लसणाचा एक गड्डा मागून घेतला.
त्यांच्या तळहातावर ठेवून
भाव विचारणार आहे.